आमेनची जागा

ॲशकूम, ४ मे १६४६

भाऊ हम्फ्री,

तू जिवंत आहेस हे हॅनिबल तांडेवाल्याकडून कळलं. त्याचे घोडे मीठ आणायला नदीकाठी गेले होते. राजाच्या पलटणीबरोबर जे पाद्री धरले, ते सगळे टॉरिज नदीत नांगरलेल्या कोळशाच्या जहाजावर ठेवलेत, असं तिथं त्याला कुणी सांगितलं. जहाज जुनं आहे म्हणतो. किती जुनं? आत पाणी येतं का? तुला पोहता येत नाही, हे तिथल्या कुणाला सांगून ठेव.

इकडचं सांगतो, पण तिथं बसून चिडू नकोस. राजाची पलटण हरल्यावर संसदेच्या लोकांनी तुझ्या जागी नवा उपदेशक आणून बसवला आहे. स्टोट त्याचं नाव. विल्मटला तुमचं घर सोडायला सांगितलं, तर ती लोकर विंचरत बसली होती ती उठेचना. शेवटी दोन शिपायांनी तिला खुर्चीसकट उचलून पावसात रस्त्यावर ठेवलं. हातातली लोकर संपेपर्यंत ती तिथंच विंचरत बसली. आता माझ्या मागच्या खोलीत असते. त्या खोलीचं छप्पर गळतं. मी म्हटलं पुढची घे, तर म्हणाली, "भावोजी, पुढच्या खोलीत तुम्ही घोरता."

स्टोटनं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड बाहेर काढलं, त्यात आता त्याची डुकरं पाणी पितात. प्रार्थनेचं पुस्तक जाळलं. तुझा पांढरा झगा मात्र विल्मटनं आधीच छपराच्या गवतात दडवला होता. माझ्या कामाचं काय होणार कळत नाही. तू वर उभा राहून प्रार्थना म्हणणार आणि खालच्या बाकावरून सगळ्या गावाच्या वतीनं मी आमेन म्हणणार, हे एकोणीस वर्षं चाललं. स्टोटची प्रार्थना त्याच्या मनाला येईल तशी वाहते, कुठं संपते तेच समजत नाही. मी दोनदा मध्येच आमेन म्हटलं. तो म्हणाला, "येलंड, मी अजून बोलतोय."

पत्रं वाटेत उघडतात. तेव्हा तारखेच्या जागी संतांची नावं घालत जाऊ नकोस, संतांचे सण संसदेनं बंद केलेत, तेवढ्यावरूनही माणसाला धरतात.

विल्मटला लिहिता येत नाही, म्हणून ती सांगते ते मी उतरवतो. ती सांगते: "तो करार तुमच्यापुढे ठेवतील, त्यांनी सगळ्यांपुढे ठेवलाय. त्याला हात वर केलात, तर त्या हातानं माझ्या घरचा पाव मोडायचा नाही. आणि पायमोजे ओले ठेवून झोपू नका." ती रागात आहे, तू मनावर घेऊ नकोस. पायमोज्यांचं मात्र ऐक.

तुझा भाऊ,
पास्को

•

जहाजावरून, संत बार्नबसच्या दिवशी

दादा,

तारीख अशीच घालणार. राजाच्या पलटणीसमोर उघड्या रानात उपासना केली तेव्हा तोफा ऐकू येत होत्या, आणि तू मला बार्नबसची भीती घालतोस.

आम्ही खालच्या कोठारात सव्वीस जण आहोत. होतो. ताप आला आहे, आणि रोज एखादी जागा रिकामी होते. मेलेल्याला काठावर न्यायला होडी फक्त रविवारी येते, तोवर तो आमच्यातच असतो. माझ्या शेजारी इरॅस्मस पिड्सली म्हणून सत्तरीचे पाद्री आहेत. त्यांना दात नाहीत, मला त्यांचा पाव भिजवून द्यावा लागतो. त्याबद्दल ते मला लॅटिनमधून शिव्या देतात.

दर महिन्याला एक कारकून येतो आणि करार वाचून दाखवतो: बिशप नकोत, जुनं प्रार्थनेचं पुस्तक नको, संसदेशी इमान. सहीसुद्धा मागत नाही. टोपी काढायची, उजवा हात उघडा करून वर करायचा, की दार उघडं. आतापर्यंत चौघांनी केला. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना लहान मुलं आहेत. मी राजाशी शपथ घेऊन बांधला गेलोय आणि दोन शपथा एका हातात मावत नाहीत.

विल्मटला सांग, तिचा निरोप मी पिड्सलींना वाचून दाखवला. ते म्हणाले, "ही बाई बिशप व्हायला हवी होती." पायमोजे आता राहिलेलेच नाहीत. जमलं तर जोडभर पाठवा.

हम्फ्री

•

ॲशकूम, २३ जून १६४६

बहीण थॉमसीन,

तू लांब बार्नस्टेपलला, आणि मला दुसरं कुणी विचारायला नाही, म्हणून तुला लिहितो. मेव्हण्यांना वाचायला लाव, पण हळू आवाजात.

आपली विल्मट गेली. छातीत कफ झाला. त्या खोलीचं छप्पर मी मे महिन्यात शाकारायला हवं होतं, पण गवत मिळालं नाही, आणि मिळालं तेव्हा गुडघा. जाऊ दे. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. मला जवळ बोलावलं नि म्हणाली, "भावोजी, मी गेल्याचं त्यांना लगेच कळवा. म्हणजे माझ्यासाठी त्यांना कुणापुढे हात वर करावा लागणार नाही. मी नसले की ते मोकळे." मग म्हणाली, "लगेच. तुम्ही चार दिवस विचार करत बसाल, मला माहीत आहे."

कफनाला घरात कापड नव्हतं, शिपायांनी चादरी नेलेल्या. म्हणून छपरातून हम्फ्रीचा झगा काढला आणि त्यातच तिला गुंडाळलं. बरं केलं की वाईट, कळत नाही. पुरताना प्रार्थना करायची नाही असा नवा नियम आहे. स्टोट खड्ड्याशी टोपी घालून उभा राहिला आणि म्हणाला, "उतरवा." एवढंच. कुत्रं पुरावं तसं. सवयीनं मी आमेन म्हटलं. स्टोट वळून म्हणाला, "कशाला आमेन, येलंड? कुणी काही बोललं का?"

हम्फ्रीला अजून कळवलं नाही. तिथं ताप आहे. आतून खचलेल्या माणसाला ताप आधी धरतो, हे आईच्या वेळी आपण पाहिलं. जरा बरे दिवस येऊ देत, मग सांगेन. ठीक आहे ना?

पास्को

•

बार्नस्टेपल, २९ जून

दादा,

हे पत्र नवऱ्याकडून लिहवून घेते आहे, म्हणून अर्ध्या शिव्या त्यानं गाळल्या.

ठीक नाही. मरणाऱ्या बाईनं तुला एकच काम सांगितलं आणि तेही तुला झेपेना? तू लहानपणापासून असाच. गाय मेली तरी बाबांना तीन दिवस सांगायचं नाहीस, रोज रिकाम्या गोठ्यात गवत टाकून यायचास. गोठ्यात गवत टाकलं म्हणून गाय उठली का रे?

हम्फ्री काचेचा नाही. त्याला आजच्या आज लिही. विल्मटसाठी मी दोन दिवस चाक फिरवलं नाही, मडकी तशीच पडली आहेत. माझी भांडणं तिच्याशी व्हायची, पण खरं बोलणारी तीच एक होती तुमच्या घरात.

थॉमसीन

•

ॲशकूम, ६ जुलै १६४६

भाऊ हम्फ्री,

पायमोज्यांचे दोन जोड हॅनिबलबरोबर पाठवले आहेत, पहारेकऱ्यानं एक ठेवून घेतला तर वाद घालू नकोस. पेअरच्या झाडाला यंदा फळ धरलं आहे. स्टोटच्या बायकोला तुमच्या घरातली चूल धूर करते म्हणून राग आहे. ती मला विचारत होती, पाद्रीणबाई काय करायच्या? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरं म्हणजे मला माहीत आहे, धुराड्याची झाकणफळी अर्धी ओढावी लागते.

इथं सगळे ठीक आहेत. तापाचं ऐकून झोप लागत नाही. आणखी किती गेले?

विल्मट सांगते: "जिवाला जपा. मी ठीक आहे. माझी काळजी करू नका. घरी आलात तर मला बरं वाटेल."

पास्को

•

जहाजावरून, संत जेम्सच्या दिवशी

दादा,

आता सतरा. पिड्सली अजून आहेत, शिव्या देण्याइतकं बळ त्यांना कुठून येतं देव जाणे. मला मागच्या आठवड्यात तीन दिवस ताप होता, उतरला.

विल्मटचा निरोप मी पुष्कळदा वाचला. "जिवाला जपा, बरं वाटेल." दादा, वीस वर्षांच्या संसारात ती मला असं कधी बोलली नाही. खूप आजारी होतो तेव्हासुद्धा म्हणाली होती, "मरायचं असेल तर सुगीनंतर मरा." ती उपाशी आहे का? तू लपवतो आहेस का काही? घर गेल्यावर, दुसऱ्याच्या छपराखाली राहून माणूस मोडतं, हे मी गावात पाहिलंय. ती मोडली असेल तर माझ्या ताठ हाताला काय अर्थ आहे? ती मे महिन्यात त्या हातानं पाव मोडायचा नाही म्हणाली, त्याच्या बळावर मी इथं बसलो आहे, खोटं कशाला सांगू.

तिला स्पष्ट विचार. तिला मी तिथं हवा असेन तर तसं सांगू दे. नको असेन तर नेहमीसारखं रागावू दे. पुढचा कारकून ऑगस्टच्या मध्यावर येईल.

हम्फ्री

•

ॲशकूम, ३ ऑगस्ट १६४६

भाऊ हम्फ्री,

तुला ताप आला होता हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. सतरा म्हणजे नऊ गेले. तू दहावा होऊ नकोस.

मी तिला विचारलं. विल्मट सांगते: "हात म्हणजे काय, मांसाचा तुकडा. देव मन बघतो. हात वर करा आणि घरी या. मी तुमच्यावर रागावणार नाही, रागवायची ताकद राहिली नाही. पाव मी स्वतः मोडून देईन."

असं ती सांगते. लवकर ये.

पास्को

•

टॉरिंग्टन, संत बार्थोलोम्यूच्या दिवशी

दादा,

मी बाहेर आहे. पायाला फोड आलेत, म्हणून इथं हातमोजे शिवणाऱ्या एका कारागिराच्या माडीवर पडून आहे. तो जुन्या पुस्तकाचा माणूस आहे, त्यानं काही विचारलं नाही.

तुला सगळं सांगतो, कारण तिला सांगायला तूच मध्ये लागतोस. कारकुनानं वाचून संपवलं. मी टोपी काढली आणि हात छातीपर्यंत नेला. तो म्हणाला, "आणखी वर, पाद्रीबुवा. खांद्याच्या वर. देवाला दाखवायचाय, मला नाही." मागं कुणीतरी हसलं. मी वर केला. पिड्सली भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते वळले नाहीत. निघताना मी त्यांचा पाव भिजवून ठेवला, त्यांनी तो घेतला नाही.

"हात म्हणजे मांसाचा तुकडा" हे मला तिचं वाटलं नव्हतं. पण भूक माणसाला बदलते, अशी मीच माझी समजूत घातली. समजूत घालून घ्यायची होती, हे खरं.

तिला सांग की मी येतो आहे. तिनं आता रागावलं तरी चालेल, उलट बरंच वाटेल. पलटणीबरोबर गेलो तेव्हापासून तिचा आवाज ऐकलेला नाही. हॅनिबलचा घोडा रिकामा परतत असेल तर त्याला इथं थांबायला सांग.

हम्फ्री

•

ॲशकूम, २७ ऑगस्ट १६४६

भाऊ हम्फ्री,

हे पत्र हॅनिबलच्या हाती देतो आणि तू वाचून संपवेपर्यंत त्याला दाराशी थांबायला सांगितलं आहे. त्याला सगळं आधीपासून माहीत होतं. तो मला म्हणाला, "म्हाताऱ्या, मी तुझी पत्रं नेतो, तुझं पाप नेत नाही. हे तरी खरं लिही."

विल्मट २० जूनला गेली. छातीच्या कफानं. जुलै आणि ऑगस्टमध्ये तिच्या तोंडचं जे काही लिहिलं ते माझं होतं. तू जहाजावर मरशील अशी मला भीती होती, आणि माझं तू ऐकणार नाहीस, म्हणून तिच्या तोंडी घातलं.

ती खरोखर हे म्हणाली होती: मी गेल्याचं त्यांना लगेच कळवा, म्हणजे माझ्यासाठी त्यांना कुणापुढे हात वर करावा लागणार नाही. मी नसले की ते मोकळे.

तुझा झगा तिच्या अंगावर आहे. चर्चच्या उत्तरेला, जुन्या यू झाडाखाली. प्रार्थना झाली नाही, स्टोटनं करू दिली नाही.

तू घरी ये. पुढची खोली तुला देतो. मला काय हवं ते बोल, मार हवा तर, पण ये.

पास्को

•

जहाजावरून, संत मॅथ्यूच्या दिवशी

दादा,

हॅनिबल दाराशी बराच वेळ थांबला होता. मी त्याला घोडा परत न्यायला सांगितलं.

फोड बरे झाल्यावर मी उलट दिशेनं चालत गेलो आणि त्या कारकुनापुढे उभा राहिलो. म्हटलं, हात वर केला होता तो मी खाली घेतो. तो म्हणाला, "वर केलेले हात आम्ही मांडून ठेवतो. खाली घेतलेला कुठं मांडायचा, याला आमच्याकडे जागा नाही." मी म्हटलं, जहाजावर जागा आहे. तो हसला नाही. तो वाईट माणूस नाही, त्यानं मला पुन्हा विचार करायला संध्याकाळपर्यंत वेळ दिला.

पिड्सलींनी मला पाहून काय म्हटलं ते लिहीत नाही, ते लॅटिन होतं. त्यांनी माझ्या हातचा पाव खाल्ला.

ताप पुन्हा आला आहे. या वेळचा वेगळा आहे.

तुझ्यावर रागवायचा प्रयत्न करून पाहिला. तू भितोस आणि मायेनं भितोस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण दादा, एवढी वर्षं माझी प्रार्थना संपली की तू आमेन म्हणायचास. या वेळी तू आमेन आधी म्हणून टाकलंस आणि त्याच्याखाली बसेल अशी प्रार्थना मला करायला लावलीस. हे मला अजून गिळता येत नाही. येईल तेव्हा लिहीन.

आता एक काम. विल्मट प्रार्थनेशिवाय मातीत आहे, हे मला झोपू देत नाही. पुस्तक इथं नाही, पण दफनाची प्रार्थना मला तोंडपाठ आहे. या रविवारी, मायकेलमसच्या सणाआधीच्या, दुपारी बारा वाजता मी ती इथं म्हणेन. तू त्याच वेळी तिच्याजवळ उभा राहा आणि आमेन म्हण. माझा आवाज तुला ऐकू येणार नाही, पण कुठं थांबायचं ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. मी प्रत्येक आमेनची जागा मोकळी सोडीन.

तुला स्टोटची भीती वाटेल. वाटू दे. जा.

हम्फ्री

•

ॲशकूम, २८ सप्टेंबर १६४६

भाऊ हम्फ्री,

गेलो होतो.

चर्चमध्ये स्टोटचं प्रवचन लांबलं, मला वाटलं बारा तिथंच वाजणार. पण तो जेवायला गेला. जेवायला बसला की तो तासभर उठत नाही, हे मी आठवडाभर बघून ठेवलं होतं. तरी मी यूच्या मागच्या बाजूला उभा राहिलो, तिथून त्याची खिडकी दिसत नाही.

बाराचे ठोके पडले आणि मी मनातल्या मनात तुझ्याबरोबर निघालो. तू "पुनरुत्थान आणि जीवन" वर नेहमी रेंगाळतोस, तेवढा रेंगाळलो. मातीला माती येतं तिथं मूठभर माती टाकली. प्रत्येक ठिकाणी थांबलो आणि आमेन म्हटलं. एकही चुकलं नाही. लोहाराची म्हातारी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "काय पुटपुटताय, पास्कोबाबा?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. ती म्हणाली, "गुडघ्याला आमेन म्हणून उपयोग नाही, शेक द्या." तिला कळलं असावं, कारण जाताना तिनं डोकं झाकून घेतलं.

एकदा मला तुझा आवाज आल्यासारखं वाटलं. मला काहीही वाटतं, तू म्हणतोसच. तू प्रार्थना त्याच वेळी म्हटलीस ना? जमलं नसेल, झोप लागली असेल, ताप असेल, तर तसं कळव. मी पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहीन. दर रविवारी राहीन.

रागाचं सावकाश लिही. घाई नाही.

पास्को

•

जहाजावरून, २ ऑक्टोबर

श्री. पास्को येलंड यांस,

आपलं २८ तारखेचं पत्र माझ्या हाती दिलं गेलं, कारण ते घ्यायला आपले बंधू नव्हते. ते शुक्रवारी, २५ तारखेला सकाळी गेले. शेवटचा दिवस बोलणं तुटक होतं. आपल्याबद्दल काही बोलले का, असं आपण विचाराल, म्हणून आधीच सांगतो: "दादाला लिहायचं राहिलंय," एवढं दोनदा म्हणाले. काय ते सांगितलं नाही.

इथं मृतांना न्यायला होडी रविवारीच येते. त्या दिवशी भरती दुपारी बाराला होती. आम्ही त्यांना वर आणलं. आपल्याशी ठरलेली गोष्ट त्यांनी मला सांगून ठेवली होती, म्हणून त्यांची जी प्रार्थना म्हणायची राहिली होती ती मी म्हटली, आणि तिच्यात त्यांच्या पत्नीच्या नावाबरोबर त्यांचंही नाव घातलं. मी म्हातारा आहे, दोनदा म्हणण्याचा दम नव्हता. पहारेकऱ्यानं एकट्याला म्हणू दिलं, पण बाकीच्यांनी मिळून उत्तर द्यायचं नाही असा दम भरला. म्हणून आमच्यापैकी कुणी आमेन म्हटलं नाही. हम्फ्रींनी सांगितलं होतं की आमेन म्हणणारा दुसरीकडे उभा असेल, तुम्ही फक्त जागा सोडा. मी प्रत्येक जागा सोडली.

नदीकाठच्या चिखलात, तिसऱ्या खुंटाच्या वरच्या बाजूला त्यांना ठेवलं आहे.

इरॅस्मस पिड्सली

•

ॲशकूम, ९ ऑक्टोबर १६४६

पाद्री पिड्सली यांस,

आपलं पत्र हॅनिबलनं मला वाचून दाखवायची तयारी दाखवली, पण मीच वाचलं.

आपल्याला पायमोजे पाठवत आहे. हम्फ्रीसाठी विणवले होते, त्याचे पाय मोठे होते, आपल्याला सैल होतील. पाव भिजवून द्यायला कुणी आहे का, ते कळवा.

त्या रविवारी मी आमेन अगदी हळू म्हटलं. स्टोटनं ऐकू नये म्हणून. कुंपणापलीकडच्या रस्त्यावरही आलं नसतं ऐकू. त्या प्रार्थनेत हम्फ्रीही होता हे मला ठाऊक असतं, तर मी मोठ्यानं म्हटलं असतं.

पास्को येलंड